ट्रॅप कॅमेरा: पांढरा फ्लॅश की इन्फ्रारेड?

काटोल किंवा उमरेडकडे वावर (शेत) आहे आणि रात्री पिकात कोण घुसतं एवढंच पाहायचंय? मग ट्रॅप कॅमेरा, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, इन्फ्रारेडचा (डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या प्रकाशाचा) घ्या.

पांढऱ्या फ्लॅशचा कॅमेरा रात्रीही रंगीत, रेखीव फोटो देतो. पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा तर तोच सरस. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून व्याघ्रगणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. पण हा फ्लॅश बॅटरी खातो आणि अंधारात लखकन चमकून चोरालाही आपला पत्ता सांगतो.

इन्फ्रारेडचे रात्रीचे फोटो कृष्णधवल, पळत्या जनावराचे तर अस्पष्ट. रानडुक्कर की रोही (नीलगाय), हे कळायला तेवढे पुरतात. यातही दोन जाती: ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे लांबवर पोचतात, पण मंद लाल दिसतात; ९४० चे माणसाला दिसत नाहीत, पल्ला मात्र कमी. धुऱ्यावर (बांधावर) कॅमेरा राहील की नाही याचीच धास्ती असेल, तर ९४०.

नागपूरच्या मे महिन्यात दोघांचीही पंचाईत. कॅमेऱ्यातला सेन्सर जनावराचं अंग आणि आसपासच्या तापमानातला फरक टिपतो. ४५ अंशांच्या दुपारी तो फरक फारसा उरत नाही. रात्रीच्या फोटोंवरच भिस्त ठेवा.

परदेशात हे कॅमेरे शिकाऱ्यांसाठी विकले जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. जंगलात कॅमेरा लावायचा तर आधी वनविभागाची परवानगी घ्या.