सिंडर आणि मातीच्या कुंड्या: दिवाळी ते दिवाळी वापरल्यावर

मागच्या दिवाळीनंतर गॅलरीतली सगळी सक्युलंट (पानांत-खोडात पाणी साठवणारी झाडं) आणि कॅक्टस प्लॅस्टिकच्या कुंड्यांतून काढली आणि मातीच्या कुंड्यांत, सिंडरच्या मिश्रणात लावली. आता पुढची दिवाळी तोंडावर आलीय. थंडी, उन्हाळा, पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा, सगळं होऊन गेलंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी पश्चिमेला. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी दोननंतर भाजणारं ऊन आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर ग्रिलमधून थेट आत येणाऱ्या सरी. पुण्यात राहणाऱ्यांनी वाचताना एवढा फरक लक्षात ठेवावा.

आधी सिंडरबद्दल, कारण खरा फरक त्याने पडला. दगडी कोळसा बॉयलरमध्ये जळून गेल्यावर जो जाळीदार, हलका, करडा खडा उरतो ते सिंडर. बाहेरच्या देशांतले लोक व्हिडिओत प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड, वापरताना दिसतात. ते आपल्याकडे महाग पडतं आणि सहज मिळतही नाही. सिंडर तेच काम करतं: खड्याच्या भोकांत थोडा ओलावा धरतं आणि खड्यांच्या मधल्या जागेत हवा राहू देतं. आपल्याकडचे मुरलेले कॅक्टसवाले ते वर्षानुवर्षं वापरत आलेत.

पण पोतं आणलं आणि कुंडीत ओतलं असं होत नाही. त्यात निम्मी राखच असते. आधी पिठाच्या जुन्या चाळणीने धूळ काढायची, मग मोठ्या चाळणीने हरभऱ्यापेक्षा मोठे खडे वेगळे करायचे. मधला माल बादलीत भिजत घालून रोज पाणी बदलायचं, कारण राखेतले क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत हे चालतं. हे काम गॅलरीत करू नका. काळा गाळ मोरीच्या जाळीत बसतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे हा वेगळाच विषय होतो. गच्ची असेल तर गच्चीवर करा.

माझं प्रमाण: तीन भाग सिंडर, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत. सोबत चिमूटभर निंबोळी पेंड, तीही पावसाळ्याआधी नाही, कारण दमट हवेत पेंडीवर पांढरी बुरशी धरते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, पूर्ण वगळलं. ते ओलं झालं की दिवसेंदिवस ओलं राहतं आणि एकदा कडक वाळलं की पाणी घेईनासं होतं. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेने खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं झाड प्यायलं. ऑनलाइन मागवलेलं ‘कॅक्टस मिक्स’ मी याआधी वापरलं होतं. पिशवीवर फोटो निवडुंगाचा, आत बहुतेक कोकोपीट आणि वर दाखवण्यापुरते परलाइटचे हलके पांढरे खडे. उरलेल्या पिशवीत आता मनीप्लांट आनंदात आहे.

तळाशी खडीचा थर घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती मी बंद केली. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही, वरच अडून राहतं. म्हणजे ओलसर पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवली की पुरतं.

आता कुंड्या. धारावीच्या कुंभारवाड्यातून आणल्या, बहुतेक 4 आणि 5 इंची. भोकं लहान होती, ती ड्रिलने हळूहळू मोठी करून घेतली. लावण्याआधी कुंड्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर पहिलं पाणी कुंडीच पिते. रंगवायची हौस असेल तर गेरू लावा, त्याने मातीची छिद्रं बुजत नाहीत. ऑइलपेंट मारला की ती कुंडी जवळपास प्लॅस्टिकचीच झाली.

मातीची कुंडी पावसाळ्यात झाड वाचवते असं सगळीकडे सांगतात. माझा अनुभव तसा नाही. जुलैत हवाच इतकी दमट असते की कुंडीच्या भिंतीतून पाणी उडून जाणार कुठे? बाहेरून हिरवं शेवाळ धरलं आणि आतला ओलावा जिथल्या तिथे. तुलना करायला सिंडरचंच मिश्रण घालून काही रोपं मुद्दाम प्लॅस्टिकमध्ये ठेवली होती. भर पावसाळ्यात दोन्हींत फारसा फरक दिसला नाही, दोन्हीकडची रोपं टिकली. मातीच्या कुंडीने पैसे वसूल केले ते एप्रिल-मेमध्ये. पश्चिमेच्या उन्हात प्लॅस्टिकच्या कुंडीला हात लावला तर चटका बसायचा. मातीची कुंडी पाणी उडून जाता जाता स्वतःला गार ठेवते, तीत मुळं शिजत नाहीत. त्याची किंमत म्हणजे पाणी. मेमध्ये 4 इंची कुंडीला दर दोन-तीन दिवसांनी द्यावं लागलं. आठवडाभर गावी जायचं असेल तर शेजारी सांगून जा. टँकरचं खारं पाणी असेल तर कुंडीवर पांढरे डागही चढतात, ते ब्रशने निघतात.

पावसाळ्यासाठी खरा उपाय दोन गोष्टींचा निघाला: वर पारदर्शक पत्रा आणि हलती हवा. जोराच्या पावसात कुंड्या आतल्या भिंतीला ओढून घ्यायच्या आणि एकमेकींना चिकटवून ठेवायच्या नाहीत. एवढं करून जून ते सप्टेंबर पाणी अगदीच क्वचित दिलं.

कोण कसं राहिलं? हॉवर्थिया सगळ्यात समंजस, सावलीतही खूश. स्नेक प्लांटबद्दल लिहायची गरज नाही. अडेनियमने पावसाळ्यातही फुलं दिली. नर्सरीवाले ज्याला जेड म्हणून देतात ते आपल्याकडे बहुतेक वेळा त्याच्यासारखं दिसणारं पोर्तुलाकारिया असतं, तेही मस्त वाढलं, फक्त मेमध्ये पानं सुरकुतली आणि पाण्यानंतर दोन दिवसांत भरली. कॅक्टस एकही गेला नाही.

गुलाबासारखा पानांचा गेंद असणाऱ्या एचेव्हेरियांचं मात्र जमलं नाही. ही मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातली मंडळी. अशी सक्युलंट दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून हवा आत घेतात, त्यासाठी रात्र गार हवी. डोंबिवलीत मे-जूनची रात्र कशी असते ते सांगायला नको. खालची पानं पारदर्शक होऊन गळत गेली आणि शेंड्याचा गेंद तेवढा उरला. मिश्रण कितीही चांगलं असलं तरी मुंबईच्या पट्ट्यात एचेव्हेरियाला मी पुन्हा पैसे घालणार नाही. कालिम्पाँगहून येणारी गोजिरवाणी रोपं बघून मन चळतं, पण ती थंड हवेत वाढलेली असतात. लाल डोक्याचा मून कॅक्टसही तसाच सोडून द्या. त्या लाल भागात हरितद्रव्य नसतं, तो खालच्या हिरव्या खुंटाच्या जिवावर कलम करून जगवलेला असतो आणि फार वर्षं टिकत नाही.

प्रकाशाबद्दल एक गोष्ट दक्षिणेची खिडकी असलेल्यांसाठी. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईच्या पट्ट्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत त्या दिवसांत थेट ऊन येतच नाही, वर ढग. रोपं लांबुळकी होतात ती तेव्हाच. त्यासाठी 20 वॅटचा ग्रो लाइट, म्हणजे रोपांसाठीचा दिवा, घेतला होता. हॉवर्थियाला ठीक, बाकीच्यांना अपुरा. नसता घेतला तरी चाललं असतं.

मातीतला ओलावा दाखवणारा मॉइश्चर मीटर तर घेऊच नका. त्याची सळई मातीला सगळीकडून चिकटलेली असेल तरच तो काही सांगू शकतो. सिंडरच्या खड्यांत मधे नुसती हवा, त्यामुळे पाणी घातल्याघातल्याही काटा ‘कोरडं’वर. पाणीही खारं असेल तर आणखी वेगळं काही दाखवतो. उदबत्ती जळून उरलेली काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडी ओलसर, गडद निघाली तर पाणी नाही. सरावाने कुंडी उचलूनच कळायला लागतं.

सिंडरचा एक तोटा उशिरा कळला. मोकळ्या, कोरड्या मिश्रणात मुळांवरचे पिठ्या ढेकूण (मिलीबग) फार माजतात. वरून झाड नुसतं सुस्त दिसतं, कुंडीतून काढलं की मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी. मुळं धुवायची, कुंडी उकळत्या पाण्याने धुवायची, मिश्रण टाकून द्यायचं, रोप चार दिवस सावलीत सुकवून पुन्हा लावायचं आणि आठवडाभर पाणी द्यायचं नाही. पानांवरच्या ढेकणांना कापसाच्या काडीने 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. निंबोळी तेल उन्हात फवारू नका, पानं भाजतात, आणि पानांवर पांढरा भुकटीसारखा थर असेल तर तोही कायमचा पुसला जातो.

गुण द्यायचे तर सिंडरला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो धुण्याच्या त्रासाबद्दल. कुंड्यांना साडेतीन. पुण्यात करून बघणार असाल तर सिंडर तीनऐवजी दोन भाग घ्या, तिथली हवा कोरडी असते. नागपूरकरांनी गांडूळखत थोडं वाढवावं आणि एप्रिलपासून वर 50 टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं, शेडनेट बांधावं.