क्लस्टर डोकेदुखीसाठी मेलाटोनिन : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रात्रीचे पावणेदोन ही वेळ गेली नऊ वर्षे माझ्या आजाराच्या हंगामात सहसा चुकलेली नाही. झोप लागून जेमतेम दोन तास होतात, उजव्या डोळ्यामागे कळ सुरू होते, पाच-सात मिनिटांत ती कानशिलापर्यंत भरते, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन वाहू लागतो, नाकपुडी चोंदते आणि पापणी खाली येते. अर्धशिशीचा रुग्ण अंधार करून पडून राहतो. क्लस्टर डोकेदुखीत मात्र पडवतच नाही. खोलीत येरझारा घालाव्या लागतात, भिंतीला डोके टेकावेसे वाटते आणि जीव नकोसा होतो. एक झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकू शकतो आणि दिवसाला आठपर्यंत झटके येऊ शकतात. माझ्या बाबतीत सुरुवातीची तीन वर्षे सायनसच्या उपचारात गेली आणि एक निरोगी दाढही विनाकारण काढली गेली, याची खंत अजून आहे.

माझा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि आठ ते बारा आठवडे चालतो. कधी एप्रिलमध्येही एक छोटी फेरी येते. प्रतिबंधासाठी मुख्य औषध व्हेरापामिल (मूळचे रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचे औषध) आहे आणि घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. पिशवी जोडलेल्या मास्कमधून मिनिटाला 12 लिटर या वेगाने ऑक्सिजन घेतला की बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत झटका ओसरतो. परंतु ऑक्सिजन आलेला झटका थांबवतो, येणारा नाही. गेल्या वर्षी व्हेरापामिल 360 मिलिग्रॅमवर असताना ईसीजीत फरक दिसला, म्हणून मात्रा आणखी वाढवणे डॉक्टरांना योग्य वाटले नाही. या औषधासोबत वेळोवेळी ईसीजी काढणे आवश्यकच असते. रात्रीचे झटके तर चालूच होते, आणि तेव्हा मेलाटोनिनचा विषय निघाला.

झोपेची गोळी म्हणून ओळखले जाणारे हे द्रव्य डोकेदुखीत कशासाठी, हा प्रश्न मलाही पडला होता. मेंदूतील पिनिअल ग्रंथी अंधार पडल्यावर मेलाटोनिन स्रवते आणि शरीराच्या घड्याळाला रात्र झाल्याचे कळवते. क्लस्टर डोकेदुखी ठरावीक वेळी आणि ठरावीक ऋतूत येते. हे घड्याळ मेंदूच्या ज्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात आहे, त्याचाच मागचा भाग झटक्याच्या वेळी सक्रिय होतो, असे 1998 मध्ये मेंदूच्या पेट स्कॅनमधून दिसले. या रुग्णांमध्ये रात्रीचे मेलाटोनिन कमी आढळल्याच्या नोंदी त्याआधीच झाल्या होत्या. 1996 मध्ये इटलीत 20 रुग्णांवर चाचणी झाली. दहा जणांना रोज संध्याकाळी 10 मिलिग्रॅम मेलाटोनिन आणि दहा जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी चौदा दिवस दिली गेली. मेलाटोनिन घेणाऱ्यांपैकी पाच जणांचे झटके तीन ते पाच दिवसांत कमी होऊ लागले. दुसऱ्या गटात कोणालाही असा गुण आला नाही. उलट 2002 मध्ये नऊ रुग्णांना नेहमीच्या उपचाराच्या जोडीला 2 मिलिग्रॅम देऊन पाहिले गेले, तेव्हा उपयोग दिसला नाही. पुरावा एवढाच, म्हणजे तुटपुंजा आहे, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले. तरीही मला प्रयत्न करावासा वाटला, कारण धोका कमी होता आणि माझे झटके रात्रीचे होते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात 3 मिलिग्रॅमने सुरुवात केली. पहिल्या चार रात्री वहीत काहीही बदल नाही : 1.45, 1.40, 1.50, 1.45. पत्नी मास्क लावून दिल्यावर आधी घड्याळ पाहून वेळ लिहीत असे, त्यामुळे या नोंदी माझ्या आठवणीवर अवलंबून नाहीत. पाचव्या दिवसापासून मात्रा 6 आणि आठवड्याअखेर 10 मिलिग्रॅम झाली. दहाव्या रात्री झटका 3.20 वाजता आला आणि पंचवीस मिनिटांत संपला. बाराव्या रात्री मी पहाटे साडेपाचला जागा झालो. उशाशी ठेवलेला मास्क तसाच होता. आम्ही दोघेही काही वेळ काहीच बोललो नाही. तिसऱ्या आठवड्यापासून रोजचे रात्रीचे झटके आठवड्याला एक-दोनवर आले. दुपारी चारच्या सुमारास येणारा झटका मात्र तसाच राहिला. त्यावर मेलाटोनिनचा काडीचाही परिणाम झाला नाही.

डिसेंबरात एका लग्नासाठी गावी गेलो आणि गोळ्यांची पट्टी घरीच राहिली. तिसऱ्या रात्री पावणेदोनला कळ आली. सिलिंडर जवळ नव्हता. अंगणातल्या नळाखाली डोके धरून मी सव्वा तास काढला आणि माझे थोरले काका कंदील घेऊन नुसते शेजारी उभे राहिले. परतल्यावर गोळी पुन्हा सुरू केली, तेव्हा रात्री शांत व्हायला पाच दिवस लागले. प्रवास आणि जागरण हेही कारण असू शकेल, तरी त्यानंतर गोळी चालू असेपर्यंत मी एकही रात्र चुकवली नाही.

हंगाम जानेवारीअखेर संपला. तो आपोआपही संपतोच, त्यामुळे त्याचे श्रेय मी मेलाटोनिनला देत नाही. एप्रिलची फेरी चुकवता येते का हे पाहण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने 3 मिलिग्रॅम चालू ठेवले आणि जूनच्या मध्यावर बंद केले. या वर्षी ती फेरी आली नाही. पण ती याआधीही काही वर्षी आलेली नव्हती.

त्रास म्हणाल तर पहिले दोन आठवडे सकाळी डोके जड राहत असे आणि स्वप्ने फार ठळक पडत. अकराऐवजी साडेनऊला गोळी घेऊ लागल्यावर जडपणा कमी झाला. तोवर सकाळी दुचाकी चालवणे मी टाळले. आपल्याकडे ही गोळी औषधाच्या दुकानात सहज मिळते, पण दुकानदाराने एकदा साध्या गोळीऐवजी हळूहळू विरघळणारी गोळी दिली आणि त्या आठवड्यात सकाळची सुस्ती परत आली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांत प्रत्यक्ष मात्रा छापील आकड्यापेक्षा बरीच कमी-जास्त असू शकते, हे कॅनडात 2017 मध्ये तपासलेल्या नमुन्यांतूनही दिसले होते. म्हणून एकच कंपनी आणि एकच प्रकार मी धरून ठेवला आहे. फ्लुवॉक्सामिन हे नैराश्यावरचे औषध घेणाऱ्यांच्या रक्तात मेलाटोनिन फार वाढते, तेव्हा इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये.

ज्यांचे झटके मुख्यतः झोपेत येतात, त्यांनी डॉक्टरांपुढे हा विषय जरूर काढावा, असे माझे मत आहे. व्हेरापामिल किंवा ऑक्सिजन सोडून केवळ यावर विसंबू नये. मला अपुऱ्या मात्रेचा उपयोग झाला नाही आणि लाभ दिसायला दहा दिवस लागले, हेही ध्यानात ठेवावे.

या वर्षी दिवाळीची वाट न पाहता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून गोळी सुरू करायची, असे डॉक्टरांशी ठरले आहे. त्याआधी ईसीजी काढायचा आहे आणि सिलिंडर भरून आणायचा आहे.