वर्षभर बायकांच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर: डोंगरावर उत्तम, परतीच्या रात्री नापास

‘फक्त महिलांसाठी’ ट्रेक नेणाऱ्या एका ग्रुपबरोबर मी गेलं वर्षभर फिरते आहे. राजमाचीचे काजवे, थंडीत सांदण, उत्तराखंडातला बर्फातला केदारकंठा आणि आता पावसाळ्यात कळसूबाई. ग्रुपचं नाव लिहीत नाही. ज्या गोष्टीवरून माझं त्यांच्याशी वाजलं, ती ठाणे-मुंबईहून सुटणाऱ्या कितीतरी ग्रुपना लागू आहे, आणि नाव घेतलं की चर्चा त्या एका नावावरच अडते.

कोणता ट्रेक किती अवघड, सॅकमध्ये काय भरायचं, बूट कुठले घ्यायचे, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. ते पुन्हा लिहीत नाही. मला पैशांबद्दल आणि परतीच्या वेळेबद्दल बोलायचं आहे.

आधी पैसे. कळसूबाईचे यांनी १,८५० रुपये घेतले. त्याच रविवारी त्याच डोंगरावर जाणारे मिश्र ग्रुप १,२०० घेत होते. साडेसहाशे रुपये जास्त का द्यायचे, हा प्रश्न मी नाव नोंदवतानाच फोनवर विचारला होता. उत्तर मिळालं, “आमच्याकडे सेफ्टी आहे.” हा शब्द लक्षात ठेवा.

साडेसहाशेत काय मिळतं ते प्रामाणिकपणे सांगते. पन्नास जणांच्या बसऐवजी सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. पुढे लीडला एक मुलगी आणि मागे टेलला दुसरी. लीड करणारीने उत्तरकाशीच्या ‘निम’मधून, म्हणजे नेहरू गिर्यारोहण संस्थेतून, बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स केलेला आहे. चार आठवड्यांचा तो कोर्स, नुसतं प्रमाणपत्र मिरवायचा नव्हे. पायथ्याच्या बारी गावात एका घरी चहा-पोहे आणि बाथरूमची सोय आधीच ठरवलेली असते, त्या मावशींना वेगळे पैसे दिलेले असतात. पहाटे साडेतीनला गाडीतून उतरल्यावर स्वच्छ बाथरूम, बादलीभर पाणी आणि आतून लागणारी कडी यांची किंमत काय असते, हे बायकांना सांगायची गरज नाही.

कळसूबाईच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्यांवर मी यांचं काम जवळून पाहिलं. बदलापूरच्या एक काकू, वय साठीच्या आसपास, दुसऱ्या शिडीवर मध्येच थांबल्या. पाऊस, वारा, खालून लोकांचा आरडाओरडा. लीडर खाली उभी राहिली, काकूंच्या बुटाच्या टाचेला हात लावला आणि म्हणाली, “काकू, खाली बघू नका. मी सांगते तेव्हा उजवा पाय उचला. आता डावा. हात सोडायची घाई नको.” मागच्या पोरांनी “चला ना लवकर” सुरू केलं, तेव्हा मान न वळवता तिने त्यांना “थांबा जरा” एवढंच सुनावलं. काकू माथ्यावर गेल्या, देवीला नारळ वाढवला. १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक. खाली उतरताना त्याच मुलीने आम्हा सगळ्यांच्या नाड्या घोट्यापाशी पुन्हा कसून बांधल्या, म्हणजे उतारावर पाय बुटात पुढे सरकत नाही आणि अंगठ्याचं नख काळं पडत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जुन्या ट्रेकर्सना ही गोष्ट ठाऊक नाही.

म्हणजे डोंगरावर तक्रारीला जागा नाही. केदारकंठ्याला तर माझं मत आणखी चांगलं झालं.

तिथे जाईपर्यंत मला ‘बायकांसाठी वेगळा ग्रुप’ ही मुख्यतः सोबतीची गोष्ट वाटत होती. केसरीच्या ‘माय फेअर लेडी’ सहलींपासून मराठी घरांना ही कल्पना परिचयाची आहे. नवऱ्याला सुट्टी नाही, मैत्रिणी तयार होत नाहीत, मग आपण ग्रुपमध्ये जायचं. केदारकंठ्याच्या पायथ्याचं गाव सांक्री, त्याच्या वर गेल्यावर कळलं की प्रश्न सोबतीपेक्षा मोठा आहे, आणि तो पाण्याचा आहे. लघवीला कुठे जायचं या काळजीने बायका पाणी पीत नाहीत. लोकलच्या प्रवासात, ऑफिसात, लग्नात सगळीकडे आपण हेच करतो. मैदानात ते कसंबसं खपून जातं. दहा-बारा हजार फुटांवर नाही खपत. उंचीवर आणि थंड कोरड्या हवेत शरीरातलं पाणी वेगाने कमी होतं, डोकेदुखी आणि थकवा वाढतो, आणि विरळ हवेचा त्रास होतोय की पाणी कमी पडतंय हेच समजत नाही. ज्यांना डॉक्टरांनी विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी दिलेली असते त्यांना तर लघवी जास्तच होते. अशी बाई रात्री उणे तापमानात तंबूतून बाहेर पडायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद करते.

यांनी पहिल्याच संध्याकाळी हा विषय काढला. न लाजता, न कुजबुजता. टॉयलेट तंबू कुठे आहे, खड्डा कसा खणलाय, वापरल्यावर बाजूच्या ढिगातली माती फावड्याने कशी टाकायची, रात्री एकटीने जायचं नाही, शेजारच्या तंबूतल्या बाईला उठवायचं आणि तिने कुरकुर करायची नाही. पाळी चालू असेल तर पॅड कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी सांक्रीपर्यंत परत न्यायची. डोंगरात पुरायचं नाही. प्रत्येक थांब्यावर लीडर बाटल्या हातात घेऊन बघायची. “अगं, अर्धी पण संपली नाही तुझी. बस इथे, पी आधी.” रात्री बाटली उलटी करून स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायला तिनेच शिकवलं. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणून बाटली उलटी असली की झाकणाशी पाणी राहतं आणि पहाटे ते पिता येतं.

जुडा का तालाबच्या मुक्कामी आमच्यातल्या एकीला पाळी सुरू झाली. घरी असती तर तिने कुणाला सांगितलंही नसतं. इथे पाच मिनिटांत गरम पाण्याची बाटली, गोळी आणि कोरडे मोजे तिच्या तंबूत पोचले, आणि माथ्याच्या पहाटे तिचा वेग सगळ्यांनी धरला. १२,५०० फुटांवर सूर्य वर आला तेव्हा समोर स्वर्गारोहिणी शिखर लख्ख दिसत होतं. केदारकंठ्याचे १३,५०० आणि वर पाच टक्के जीएसटी. स्वस्तात नेणारेही आहेत, यूथ हॉस्टेलचे कॅम्प तर कायमच स्वस्त. पण यात मला एकही रुपया वाया गेलासा वाटला नाही, आणि मी पैशाला जपणारी बाई आहे. सॅक खेचरावर टाकायचे दिवसाला साडेतीनशे मागितले, ते मी दिले नाहीत. स्वतः वाहिली.

आता कळसूबाईहून परतीचा प्रवास.

पत्रकात लिहिलं होतं: परतीचा थांबा, कल्याण-डोंबिवलीसाठी राजणोली नाका, रात्री ९ वाजता. प्रत्यक्षात राजणोलीला पोचलो पाऊण वाजता. ज्यांनी तो नाका रात्री पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ट्रक उभे, पुलाखाली अंधार, चिखल, मीटर न टाकणारे दोन रिक्षावाले. कल्याणच्या सात जणी एकत्र होत्या, त्यांना घ्यायला दोन घरच्या गाड्या आल्या होत्या. डोंबिवली पश्चिमेच्या आम्ही दोघी. माझ्याबरोबरची मुलगी एकवीस-बावीस वर्षांची, पहिल्यांदाच घरातून एकटी आलेली, आणि तिचा फोन बंद पडलेला.

मी ड्रायव्हरला म्हटलं, “दादा, तुम्ही ठाण्याला चाललाच आहात, माणकोली वाटेतच आहे. तिथे उतरवा. डोंबिवलीला जोडणारा मोठागावचा पूल झालाय, घरून कोणीही दहा-पंधरा मिनिटांत येईल.” ते म्हणाले, “ताई, मला लिस्टमध्ये राजणोली दिलंय. पहाटे पाचला दुसरी ट्रिप आहे, प्रत्येकाच्या सांगण्यावर थांबत बसलो तर कसं व्हायचं?” लीडर मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. तिला दोष देत नाही, दोन रात्री ती जागी होती. आम्ही उतरलो. रिक्षाचे पाचशे दिले. म्हणजे सुरक्षिततेचे जे साडेसहाशे जास्त भरले, त्यातले पाचशे असुरक्षित ठिकाणाहून घरी पोचायला गेले.

मला राग पैशांचा आहेच, पण ड्रायव्हरचं वाक्य त्याहून जास्त लागलं. पहाटे पाचला दुसरी ट्रिप! आदल्या रात्री साडेदहाला ठाण्याहून निघालेला माणूस, दिवसभर बारीत गाडीत जमेल तशी डुलकी घेतलेला, कसारा घाट उतरवून आम्हाला आणतो आणि चार तासांनी पुन्हा स्टिअरिंगवर बसणार. बायकांचा ग्रुप म्हणून लीडरचं प्रशिक्षण विचारलं जातं, बाथरूमची कडी तपासली जाते. ड्रायव्हर किती तास झोपला हे कोण विचारतं? आमच्या सगळ्या ट्रेकमध्ये खरा धोका सगळ्यात जास्त वेळ ज्या माणसाच्या हातात होता, त्याच्याबद्दल पत्रकात एक ओळ नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला फोन केला. उत्तर आलं, “मॅडम, पत्रकात ड्रॉप राजणोलीच आहे ना.”

“पत्रकात वेळ नऊचीही आहे.”

“ट्रॅफिक आपल्या हातात नसतं.”

नाही कसं? नाशिक हायवेला रविवारी संध्याकाळी काय होतं हे नवीन आहे का? वडपे ते माजिवडा रुंदीकरणाचं काम कधीपासून चालू आहे, पडघ्यापासून गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, हे शहापूरचा शाळकरी मुलगा सांगेल. आपल्या हातात निघायची वेळ असते. बारीत साडेतीनला पोचलो होतो. चारला हेडलॅम्प लावून चढायला लागलो असतो तर साडेसातला माथ्यावर, साडेअकरापर्यंत खाली, पिठलं-भाकरी खाऊन एकला गाडीत. उजेडात घरी. त्याऐवजी ओळखपरेड झाली, बॅनरसोबत फोटो झाले, पोहे दोन वेळा आले आणि चढायला साडेसहा वाजले. तोपर्यंत मुंबई-नाशिकच्या बसगाड्यांतली गर्दी उतरून चढायला लागली होती आणि प्रत्येक शिडीला अर्धा-पाऊण तास रांग. जेवण चारला. उशीर ट्रॅफिकने नाही केला, तो पहाटेच झाला होता.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं आणि साधनं ठेवायची, हे सगळं त्यामुळे बोललं जाऊ लागलं. चांगलंच झालं. पण दोर, हेल्मेट, प्रथमोपचार यांच्याइतकीच परतीची वेळ ही सुरक्षिततेची बाब आहे, निदान बायकांच्या ग्रुपसाठी. रात्री एक वाजता पुरुषाला नाक्यावर सोडणं आणि बाईला सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसं नसतं तर बायकांचा वेगळा ग्रुप काढायची गरजच पडली नसती.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मध्ये आठवडा गेला. तेवढ्यात ग्रुप चालवणाऱ्या बाईंचा स्वतः फोन आला. माझा तक्रारीचा ईमेल त्यांनी पूर्ण वाचला होता, हे बोलण्यावरून कळत होतं. माणकोलीचा थांबा यादीत घातला आहे म्हणाल्या. मोठागाव पूल सुरू झाल्यावर यादी कोणी बदललीच नव्हती. शेवटची बाई गाडीत किंवा रिक्षात बसेपर्यंत लीडर खाली उतरून उभी राहील, आणि त्यासाठी परतीच्या प्रवासात दोघींपैकी एकीने जागं राहायचं, असाही नियम केला. रिक्षाचे पाचशे परत देऊ केले, ते मी घेतले. त्या मुलीच्या आईशीही त्या बोलल्या. एवढं कोण करतं? त्यामुळे या भागाची सुरुवात मी रागात लिहिली होती ती तशीच ठेवते, पण राग आता त्यांच्यावर पूर्वीइतका नाही.

दोन गोष्टींवर मात्र त्या हलल्या नाहीत. चारला चढाई सुरू करण्यावर त्या म्हणाल्या, “अहो, नवीन बायका अंधारात घाबरतात.” मला हे पटत नाही. केदारकंठ्याला याच लीडरने आम्हाला पहाटे तीनला बर्फात बाहेर काढलं होतं, त्यातल्या निम्म्याजणी नवीन होत्या आणि एकही घाबरली नाही. आणि ड्रायव्हरबद्दल, “गाडी आम्ही भाड्याने घेतो, त्यांचं वेळापत्रक त्यांचं.” हे तर मुळीच पटत नाही. गाडी ठरवताना ‘दुसऱ्या दिवशी सकाळची ट्रिप नको’ ही अट घालता येते. त्यासाठी माणशी शंभर रुपये वाढवले तरी मी देईन, आणि जादा पैसे द्यायला मी सहज तयार होत नाही हे वर लिहिलंच आहे.

जाणार असाल तर नोंदणीआधी फोनवर हे विचारा: चढाई किती वाजता सुरू होणार, गेल्या रविवारी गाडी खरोखर किती वाजता परत आली, आणि ड्रायव्हरची पुढची ट्रिप कधी आहे. सोबत एखादा पुरुष मदतनीस असतो का, हेही विचारा. असायला माझी हरकत नाही, बारीचा स्थानिक मुलगा आमच्याबरोबर होता आणि तो गुणी होता. पण ते आधी सांगितलेलं असावं. चौथी-पाचवी शंका विचारल्यावर पलीकडचा आवाज त्रासिक झाला तर तोही एक जबाब समजा.

रतनगडाचं पत्रक कालच आलं. अमृतेश्वराचं देऊळ, वर कड्यातलं आरपार भोक म्हणजे नेढं, खाली भंडारदऱ्याचं पाणी, पावसाळा सरता सरता कड्यांवर फुलं. मला जायचं आहे, फार जायचं आहे. माणकोलीचा थांबा छापला आहे. परतीच्या वेळेपुढे मात्र ‘९ वाजता’ काढून ‘रात्री उशिरा’ लिहिलं आहे. मी उत्तर पाठवलं आहे की यापुढे कळसूबाईला बारीतून चारला आणि रतनगडाला रतनवाडीतून पाचला चढाई सुरू होईल असं लेखी द्या, त्याच मिनिटाला पैसे भरते. अजून भरलेले नाहीत.