‘की’च्या पुढचा ‘मी’ ओळखणारं भाषांतराचं दुकान

कराडला कोर्टासमोरच्या गल्लीत एका झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून मिळतं. पाटी नाही. एक निवृत्त इंग्रजी स्टेनो बाई, एक टायपिंग करणारा मुलगा आणि कायम करकरणारा प्रिंटर, एवढंच दुकान. इंग्रजी पानाला २०० रुपये, टायपिंग धरून. त्याच गल्लीत १०० रुपयांत करून देणारेही बसलेत. तरी मी दुप्पट पैसे मोजतो. का, ते नव्याने वकिलीची सनद घेतलेल्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

१८ ऑगस्ट २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आम्हा सातारा-सांगलीकडच्या वकिलांची मुंबईची फेरी वाचली. पण भाषांतराचं काम सुटलं नाही, उलट वाढलं. खालच्या कोर्टात जबाब मराठी, साक्ष मराठी, खरेदीखत मराठी. वर उच्च न्यायालयात मात्र राज्यघटनेच्या कलम ३४८प्रमाणे कामकाज इंग्रजीत. पक्षकाराला वाटतं, टायपिंग करून आणायचं काम आहे. पण त्या गठ्ठ्याखाली ‘ट्रू ट्रान्सलेशन’ म्हणून सही आपली असते, दुकानदाराची नाही.

आता मुद्द्याचं. पोलिसांचा जबाब सुरू होतो, ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देते की,’ आणि मग त्या ‘की’च्या पोटात आणखी दहा ‘की’ येतात. मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगताना ते जसंच्या तसं ठेवतो. ‘पतीने मला सांगितले की, मी तुला नांदवणार नाही, तुझ्या बापाकडून पैसे घेऊन ये.’ यातला ‘मी’ नवरा, ‘तू’ जबाब देणारी. ऐकणाऱ्या कोणालाही शंका येत नाही. इंग्रजीत ‘दॅट’ लावलं की सगळं फिरवावं लागतं: बोलणाऱ्याचा ‘मी’ तिथे ‘ही’ होतो, ‘तुझा बाप’ चा ‘माय फादर’ होतो, क्रियापदही भूतकाळात सरकतं. १०० रुपयेवाल्याकडून माझ्या हातात आलेलं वाक्य होतं, ‘माय हजबंड टोल्ड मी दॅट आय विल नॉट कोहॅबिट विथ यू.’ वाचा नीट. नांदायला नकार कोणी दिला? बाईने! हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३मध्ये सलग दोन वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि कोणी कोणाला टाकलं यावर पोटगीपासून सगळं हलतं. एका ‘आय’ने आमचीच अशील नवऱ्याला टाकून गेलेली ठरत होती. बाईंच्या खोलीतून तेच वाक्य असं आलं: ‘माय हजबंड टोल्ड मी दॅट ही वुड नॉट कोहॅबिट विथ मी अँड दॅट आय शुड ब्रिंग मनी फ्रॉम माय फादर.’ दुसरा ‘दॅट’ पाहिलात? तो गाळला तर पैसे आणायची गोष्ट नवऱ्याचं म्हणणं आहे की बाईचं, यावर समोरचा वकील अर्धा तास खाईल.

वाटणीच्या दाव्यात तर हे रोजचं. ‘चुलते म्हणाले की माझा हिस्सा तुझ्या नावावर करून देतो.’ इथे ‘माझा’चं ‘माय’ केलं की आपल्याच अशिलाचा हिस्सा गेला. हिज शेअर, माय नेम. चार शब्द, आणि त्यात दोन-तीन एकर.

हे झालं सरळ काम. बाईंची खरी परीक्षा हवालदाराच्या मराठीत असते, कारण तो बोलणं अर्धं फिरवतो आणि अर्धं तसंच सोडतो. एका जबाबात होतं (नावं बदलली आहेत), ‘दत्तूने बाळूला सांगितले की, त्याच्या बायकोने त्याच्या विहिरीवरची मोटर काढून नेली.’ दत्तू प्रत्यक्षात ‘तुझ्या बायकोने’ म्हणाला असेल, नाहीतर ‘माझ्या बायकोने’. की कोणा तिसऱ्याच्याच? आणि विहीर कोणाची? संध्याकाळी बाईंचा फोन.

‘‘साहेब, पान चारवरचा हा ‘त्याचा’ कोणाचा?’’

‘‘मॅडम, विहीर बाळूची आहे. सातबाऱ्यावर नाव आहे. बाळूज वेल लिहून टाका.’’

‘‘मग सातबारा जोडा की. जबाबात नाव नाही, मी घालणार नाही. हिज म्हणजे हिज.’’

मला तेव्हा राग आला. पण बाईंचं बरोबर. पोलीस जबाबाचा कोर्टात मुख्य उपयोग साक्षीदाराला खोडून काढायला होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६२, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८१. मूळ जबाब समोर ठेवून कोणी विचारलं की यात बाळूचं नाव कुठे आहे, तर उत्तर द्यायला मी उभा, बाई नाहीत. त्यांनी दोन्हीकडे ‘हिज’ ठेवलं आणि पेन्सिलीने समासात फक्त माझ्यासाठी एक प्रश्नचिन्ह. जिथे मराठीतच अर्थ निसटलाय तिथे इंग्रजीत तो पकडून आणायचा नाही, ही शिस्त फार थोड्यांकडे असते. मराठीत जिथे ‘आपल्या बायकोने’ असं स्वच्छ लिहिलंय तिथे मात्र बाई बेधडक नाव घालतात, कारण ‘आपल्या’ने मालक ठरलेला असतो आणि इंग्रजीचं ‘हिज’ तो ठरलेला मालक पुन्हा मोकळा सोडून देतं. नेमकं कुठे घालायचं आणि कुठे नाही, याचेच ते वरचे १०० रुपये.

उलटतपासाची पानं द्यायची असतील तर डोळे मिटून इथेच द्या. साक्ष लिहून घेताना प्रश्न गळतो आणि उत्तर तेवढं साक्षीदाराच्या तोंडी उतरतं. मी विचारतो, ‘‘तुमच्या भावाने त्याचा हिस्सा तुम्हाला दिलाच नाही, बरोबर?’’ साक्षीदार मान हलवतो, नाही म्हणतो, आणि कागदावर येतं, ‘माझ्या भावाने त्याचा हिस्सा मला दिला नाही, हे म्हणणे खरे नाही.’ स्वस्तवाले हे सरळ करून टाकतात: ‘माय ब्रदर गेव्ह मी हिज शेअर.’ वाचायला सोपं, आणि साफ चुकीचं. समोरच्या वकिलाने सुचवलेलं नाकारणं वेगळं, हिस्सा मिळाला असं स्वतःहून सांगणं वेगळं. बाई दोन्ही नकार जिथल्या तिथे ठेवतात: ‘इट इज नॉट ट्रू टू से दॅट माय ब्रदर डिड नॉट गिव्ह मी हिज शेअर.’ वाचताना जीभ अडखळते. अडखळू दे. शेवटचं ठरलेलं ‘मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही’ तर टायपिंगच्या मुलालाही पाठ आहे.

शिवीगाळीचा मजकूर असेल तर ‘दॅट’ला हातच लावत नाहीत. शब्द अवतरणात, इंग्रजी लिपीत जसाच्या तसा, पुढे अर्थ. नेमकी कोणती शिवी दिली यावर कलम ठरतं तिथे ‘ही सेड दॅट आय वॉज अ बॅड वुमन’ असलं सोवळं इंग्रजी काय कामाचं?

मोबाइलवर फुकट होतं ना, असं विचारणाऱ्या ज्युनिअरला मी एकच वाक्य घालायला सांगतो: ‘सासऱ्यांनी सांगितले की त्यांनी दागिने विकले.’ मोबाइल इंग्रजी ‘दे’ (they) देऊन मोकळा. सासरे एकटे, आदरार्थी. इंग्रजीत अख्खं घर आरोपी झालं. बरं, ‘त्यांनी’ म्हणजे खरंच दीर-नणंदाही असू शकतात, ते आधीची दोन पानं वाचल्याशिवाय कळत नाही. बाई वाचतात.

आता तक्रार. बाईंना शाळेत शिकवलेला काळाचा नियम सुटत नाही. ‘जमीन माझ्या कब्जात आहे असे प्रतिवादी म्हणाले’ याचं त्या हमखास ‘ही सेड दॅट द लँड वॉज इन हिज पझेशन’ करतात. व्याकरणाने बिनचूक. पण ‘वॉज’ म्हटलं की समोरचा विचारतो, होता म्हणजे आता नाही का? गोष्ट अजून तशीच असेल तर इंग्रजीत ‘इज’ चालतं. मी कितीदा सांगितलं, उत्तर एकच, ‘‘सेड आलं की वॉज.’’ कब्जाचा वाद असेल तर ती वाक्यं तेवढी लाल पेनाने खूण करून द्या आणि परत आल्यावर स्वतः तपासा. माझ्या लेखी पाचातला एक तारा इथे जातो.

मोडी कागद घेत नाहीत. बांध, फेरफार, वहिवाट हे शब्द तसेच ठेवून कंसात एकदाच अर्थ देतात, ते मला पसंत आहे. घाईचं काम घेत नाहीत आणि घेतलं तर दर वाढवत नाहीत, फक्त रागावतात. मूळ कागद देऊ नका, प्रिंटरशेजारी चहाचे ग्लास असतात. झेरॉक्स द्या, आणि ती काळी पडलेली नको. हवालदाराचं अक्षर लागत नसेल तर बाई पान परत पाठवतात आणि त्या पानाचे पैसे धरत नाहीत. शनिवारी दुपारनंतर बंद.