घरी रंगवलेली टेनिस रॅकेट: आठ महिने खेळल्यानंतर

माझ्याकडे एकाच मॉडेलच्या दोन ग्राफाइट रॅकेट आहेत. त्यातल्या एकीचा रबरासारखा मॅट थर दमट हवेने चिकट झाला होता. खेळताना डावा हात नेमका खाचेपाशी, म्हणजे दांडा डोक्याकडे दुभंगतो तिथे, असतो, आणि प्रत्येक पॉइंटनंतर तो टॉवेलला पुसावा लागायचा. शिवाय २०१३ च्या जुलैत हॅम्बुर्गला फेडररने ९८ चौरस इंचाची एक अक्षरही नसलेली काळीकुट्ट रॅकेट वापरून पाहिली होती, ती माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलेली. म्हटलं, करू या काळी.

आधी गट, म्हणजे रॅकेटची जाळी, कापला. मधून सुरुवात करून आडवा-उभा आलटून पालटून, कारण एका बाजूचा ताण आधी गेला तर फ्रेम पिळवटते. मग ग्रोमेट (गट ओवायच्या भोकांतल्या नळ्या) आणि बंपर (डोक्याच्या कडेचं कवच) काढले. ही प्लास्टिकची पट्टी जुनी असेल तर काढताना तुटते, त्यामुळे नवा सेट मिळतोय याची खात्री आधीच करा. चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने तासाभरात निघाला. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण तेव्हा कोण ऐकतंय!

खालचा रंग काढायला दुकानदार पेंट रिमूव्हर देत होता. तो घेतला नाही हे बरं झालं. ग्राफाइट फ्रेममध्ये कार्बनचे तंतू इपॉक्सी रेझिनने धरलेले असतात, आणि रंग सोडवणारं जहाल रसायन रेझिनलाही मऊ करू शकतं. म्हणून वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर: जाड्या २२० ने सुरुवात, मग ४००, शेवटी ६००. सगळं ओलं घासायचं, हातमोजे आणि मास्क लावून, कारण कार्बनची धूळ त्वचेला खाजवते आणि छातीतही जाऊ नये. बादलीतलं पाणी आधी लाल होतं. ते करडं-काळं व्हायला लागलं की थांबायचं, कारण त्यापुढे तुम्ही रंग नाही, रॅकेट घासत असता. दोन संध्याकाळी गेल्या. नुसती फ्रेम आधी २८३ ग्रॅम होती, ती २७७ वर आली. सहा ग्रॅम म्हणजे निव्वळ रंग!

मे महिन्यात गच्चीवर आईचे सांडगे वाळत होते. मी तारेला रॅकेट टांगून स्प्रे कॅन हलवायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "अरे, आधी माझी ताटं उचल, मग काय ते रंगव." ताटं उचलली. ग्रोमेटच्या भोकांत इअरबड खोचले, मुठीला मास्किंग टेप लावली. प्रायमर, काळा, वरून लॅकरचा पारदर्शक थर. दिसायला असं झालं की मी लॅकरचा आणखी एक हात मारला, मग आणखी एक.

चौथ्या दिवशी गटिंगला दिली. मशीनच्या आधाराच्या जागी रंग दबला आणि सहा खुणा उमटल्या. गटिंगवाले दादा बोटाने चाचपून म्हणाले, "ओली आणलीत का?" कोरडी होती, पण आतून पिकलेली नव्हती. लॅकर हाताला तासाभरात कोरडा लागतो, कडक व्हायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

पण खरी गोम वजनात निघाली. गट घालून ही जोडीच्या दुसऱ्या रॅकेटपेक्षा ७ ग्रॅमने जड भरली. सात ग्रॅम मुठीपाशी असते तर कळलंही नसतं. इथे बहुतेक सगळे डोक्याकडे. पट्टीच्या धारेवर तोलून पाहिलं, तोल मुठीच्या टोकापासून ३२.५ सेंटिमीटरवर असायचा तो जवळजवळ ३३ वर गेलेला. बेसलाइनवरून फटका छान जड जायचा, पण नेटवर व्हॉलीला रॅकेट प्रत्येक वेळी जराशी उशिरा. तीन आठवड्यांनी खांदा बोलायला लागला. नवा गट पुन्हा कापला. रंगाच्या डब्यांपेक्षा हे दोन वेळचं गटिंगच महाग पडलं.

लॅकर घासून पातळ केला आणि जुलैत, दोन सरींच्या मधे, पुन्हा मारला. पाच मिनिटांत फ्रेम ताकासारखी पांढुरकी! थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. चार दिवसांनी कडक ऊन पडल्यावर एक अगदी पातळ हात दिला, तो खालच्या थरात विरघळला आणि पांढरेपणा गेला. नुसत्या फ्रेमचं शेवटचं वजन २८४. तीन आठवडे हात लावला नाही.

तेव्हापासून आठवड्याला तीन दिवस, तांबड्या मातीच्या कोर्टवर. खाच आणि दांडा अजून नव्यासारखे आहेत. घड्याळात १० आणि २ वाजतात त्या जागी, बंपर संपतो तिथे, टवके उडालेत आणि आतला करडा प्रायमर दिसतो. खालचा चेंडू काढताना रॅकेट मातीला घासते, तिथे डब्यातला साधा रंग टिकत नाही. कंपनीचा रंग भट्टीत पक्का होतो, गच्चीवर ते जमणार नाही. हार्डनरवाला लॅकर जास्त टणक असतो, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आणि माझ्याकडचा मास्क नुसता धुळीचा, म्हणून त्याच्या वाट्याला गेलो नाही. ऑक्टोबरात रॅकेट दुपारभर गाडीच्या डिकीत राहिली, तर बॅगेच्या अस्तराची वीण लॅकरवर उमटली. ती अजून आहे.

खेळायला आता दोन्ही सारख्याच वाटतात, डोळे मिटून दिल्या तर ओळखणार नाही. परवा दुसरीच्या खाचेपाशीही बोट चिकटलं. अल्कोहोलची बाटली कपाटात आहे. वॉटर पेपर मात्र शेजारच्या सुताराला देऊन टाकलाय.