आधी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ की ‘अ ख्रिसमस कॅरोल’?

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या हाती इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स द्यायचा म्हटलं की बहुतेक शिक्षक ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ काढतात. मी मात्र ‘अ ख्रिसमस कॅरोल’पासून सुरुवात करते.

‘ऑलिव्हर’ १८३७ ते १८३९ या काळात मासिकातून क्रमशः आली. प्रकरणं तब्बल ५३. वाक्यं लांबलचक आणि उपरोधाने भरलेली, त्यामुळे लेखक कौतुक करतोय की संतापलाय हेच नवशिक्याला उमगत नाही. १८४३ची ‘कॅरोल’ पाच भागांत संपते. त्यातल्या बॉब क्रॅचिट या गरीब कारकुनाचा पगार आठवड्याला १५ शिलिंग (जुनी ब्रिटिश नाणी). नाताळला एकच हंस, तो कुस्करलेल्या बटाट्यांच्या जोडीने अख्ख्या घराला पुरवायचा. ही गरिबी शब्दकोश न उघडताही कळते. शिवाय एक इंग्रजी पुस्तक पुरतं वाचून झाल्याचा आनंद फार मोठा असतो.

पण भूक दाखवावी ती ‘ऑलिव्हर’नेच. वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरीब-अनाथांना ठेवायच्या आश्रयगृहात, दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा कांदा, रविवारी अर्धा पाव. वाडगे धुवावेच लागत नाहीत. मुलं ते चमच्याने खरवडून लख्ख करतात! म्हणून दुसरं प्रकरण तेवढं मुळातून, मोठ्याने वाचून घ्या. अनाथ ऑलिव्हर आणखी पेज मागतो ते वाक्य अवघ्या सहा सोप्या शब्दांचं आहे, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते थेट भिडतं.

पूर्ण कादंबरी घेणार असाल तर फॅगिनबद्दल, म्हणजे मुलांकडून चोऱ्या करवून घेणाऱ्या म्होरक्याबद्दल, आधीच बोला. त्याला सतत ‘ज्यू’ म्हणून हिणवलंय, ते खटकतंच. १८६७च्या आवृत्तीत खुद्द डिकन्सने त्यातले बरेच उल्लेख काढून टाकले, हेही मुलांना सांगा.