घरच्या वायफायला कुठला पासवर्ड ठेवायचा: मोबाईल नंबर, स्टिकरवरचा, चिन्हांचा की पाच शब्दांचा?

गेल्या महिन्यात डोंबिवलीला मावशीकडे नवीन फायबर आलं. बसवायला आलेल्या मुलाने विचारलं, "काकू, पासवर्ड तुमचा मोबाईल नंबरच ठेवतो, लक्षात राहतो," मावशी म्हणाली ठेव बाबा. त्याने तो नंबर स्केचपेनने राउटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिला, खोकं टीव्हीशेजारी ठेवलं आणि गेला. संध्याकाळी मावशीचा फोन, "अरे हे असं चालतं ना?" म्हटलं नाही चालत, रविवारी येतो. त्या रविवारी आम्ही चार-पाच पर्याय खरोखर लावून बघितले, टीव्हीवर, काकांच्या जुन्या फोनवर, प्रिंटरवर सगळीकडे, म्हणून लिहितोय, कारण हाच प्रश्न अर्ध्या सोसायटीला पडलेला असतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढची सगळी तुलना नीट कळेल. लोकांना वाटतं कोणी पासवर्ड ओळखायचा म्हणजे दाराबाहेर उभं राहून एकेक टाकून बघणार, राउटर दहा वेळा नाही म्हणेल आणि तो कंटाळून जाईल. तसं होत नाही. बहुतेक घरांत अजून डब्ल्यूपीए २ ही वायफायच्या सुरक्षेची पद्धत चालते, २००४ ची आहे, आणि त्यात फोन राउटरला जोडला जाताना दोघांमध्ये चार निरोप जातात-येतात, पासवर्ड न उच्चारता "मला तो माहीत आहे" हे पटवायला. हे निरोप हवेतून जातात, जिन्यात किंवा खाली पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्याला ते पकडता येतात, एकदा पकडले की तो निघून जातो आणि आपल्या घरी निवांत बसून कॉम्प्युटरवर पासवर्ड लावून बघत बसतो. तुमच्या राउटरला याचा पत्ताही नसतो. गेमिंगसाठी मिळणारं आरटीएक्स ४०९० सारखं एक ग्राफिक्स कार्ड असे सेकंदाला साधारण २५ लाख पासवर्ड तपासतं. हा २५ लाखांचा आकडा लक्षात ठेवा, खाली सगळे हिशोब मी त्यावरच केलेत.

आता मोबाईल नंबर. आपल्याकडे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, पुढे नऊ आकडे, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी नंबर. ऐकायला प्रचंड वाटतं पण २५ लाखांनी भागा, १६०० सेकंद येतात. सत्तावीस मिनिटं. एका कार्डावर, भारतातला प्रत्येक शक्य नंबर. आणि हे तर अनोळखी माणसाचं झालं, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचा नंबर असतोच, त्यांना कार्डाचीही गरज नाही. जन्मतारीख याहून वाईट, आठ आकडे म्हणजे १० कोटी, चाळीस सेकंद, आणि खऱ्या तारखाच तपासायच्या म्हटलं तर डोळा लवायच्या आत. मुलांची नावं आणि पुढे अ‍ॅट-एकदोनतीन हा प्रकारही याच पिशवीत टाका, कारण पासवर्ड शोधणारे लोक सगळ्यात आधी नावांची यादी घेतात आणि त्याच्या शेवटी हीच शेपटं लावतात. या पर्यायाची जमेची बाजू एकच, लक्षात राहतो, बाकी काही नाही. मी कोणालाही ठेवू देणार नाही.

स्टिकरवरचा पासवर्ड म्हणजे राउटरच्या बुडाला छापलेला असतो तो. याच्याबद्दल सरसकट बोलता येत नाही, उलटा करून बघायला लागतो. बऱ्याच राउटरांवर नुसते आठ आकडे असतात, ते वर सांगितलं तसं चाळीस सेकंदांचं काम. काहींवर बारा-तेरा अक्षरं-आकडे मिसळलेले असतात, तो बरा, कारण तो माणसाच्या डोक्यातून आलेला नसतो. पण पूर्वी काही मॉडेल्समध्ये असं निघालं होतं की कारखान्यातला पासवर्ड राउटरच्या नावावरून किंवा सिरीयल नंबरवरून गणित करून काढलेला असायचा, आणि ते गणित लोकांनी शोधून काढलं. शिवाय स्टिकरचा फोटो कोणीही काढू शकतं, राउटर हॉलमध्ये भिंतीवरच असतो. तेव्हा आज वेळ नसेल तर लांब स्टिकरवाला तात्पुरता ठेवा, आठ आकडीवाला एक दिवसही ठेवू नका.

मग मी रविवारी आधी केलं ते म्हणजे फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरकडून सोळा अक्षरांचा, कॅपिटल, स्मॉल, चिन्हं सगळं असलेला पासवर्ड बनवून घेतला. ताकदीच्या बाबतीत याला तोड नाही हे आधीच सांगतो, तुलनेत हा पहिला येतो. नुसती छोटी बारा अक्षरं जरी खरोखर रँडम घेतली तरी त्या एका कार्डाला सगळ्या जोड्या तपासायला बाराशे वर्षं लागतात, इथे तर सोळा आणि चिन्हंही. पण मग काका टीव्हीला तो टाकायला बसले. रिमोटने एकेका अक्षरावर जायचं, कॅपिटलसाठी खाली जाऊन बाण दाबायचा, परत वर यायचं, डॉलरचं चिन्ह तिसऱ्या पानावर, परत यायला विसरलं की पुढची तीन अक्षरं चुकीची. शून्य आहे की ओ आहे, एक आहे की एल आहे, हे मी फोनवर बघून सांगतोय आणि ते टाकतायत. तिसऱ्या वेळेला "पासवर्ड चुकीचा आहे" आलं तेव्हा काकांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ते फोन नंबरवालंच परत कर." माझ्या मते खरा धोका इथे आहे. मी परत गेल्यावर कोणी पाहुणा आला असता, पासवर्ड सांगता आला नसता, आणि त्याच आठवड्यात कोणीतरी तो बदलून मोबाईल नंबर केला असता. घरचा वायफाय पासवर्ड हा बँकेच्या पासवर्डसारखा एकट्याचा नसतो, तो मोठ्याने सांगितला जातो, आतल्या खोलीतून ओरडून सांगितला जातो, सत्तरीच्या माणसाला रिमोटने टाकावा लागतो. तुम्ही एकटे राहत असाल किंवा घरात सगळेच फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करून जोडणारे असाल आणि टीव्ही-प्रिंटरची भानगड नसेल तर खुशाल हाच घ्या, दुसरीकडे बघूच नका. बाकीच्या घरांत तो टिकत नाही.

म्हणून शेवटी पाच शब्दांचा. हे फार सोपं आहे पण एक अट आहे, शब्द तुम्ही निवडायचे नाहीत. आपण निवडले की गावाचं नाव, देवाचं नाव, नातवाचं नाव येतंच, किंवा अभंगाची ओळ येते, आणि प्रसिद्ध ओळी आधीपासून यादीत असू शकतात. आम्ही कपाटातला जुना शब्दकोश काढला, मावशीने डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, जो शब्द येईल तो. इथे मराठीची एक खास अडचण लक्षात आली. पहिलाच शब्द आला "वावर". इंग्रजी अक्षरांत तो व्ही ने लिहायचा की डब्ल्यू ने? मावशी डब्ल्यू म्हणाली, काका व्ही. "पाणी" आला तर एक ए की दोन? "चप्पल" मध्ये पी किती? असा शब्द आला की सोडून द्यायचा आणि परत बोट ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच स्पेलिंगने लिहिला तरच घ्यायचा. उदाहरणार्थ तबला, टेम्पो, बटाटा, रिमोट, कुकर, यांची स्पेलिंगं कोणीही सारखीच लिहील. सगळं छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, अठ्ठावीस अक्षरं होतात, मर्यादा ६३ ची आहे त्यामुळे बसतं आरामात. (हाच वापरू नका, तो आता इथे लिहिला गेलाय.)

हिशोब बघा. समजा समोरच्याला माहीत आहे की तुम्ही पाच शब्द घेतलेत, आणि ते कुठल्या दोन हजार शब्दांतले आहेत हेही माहीत आहे, तरी २००० चा पाचवा घात, त्या कार्डाला सगळे तपासायला चारशे वर्षं. शंभर कार्डं लावली तर चार वर्षं. तेवढंही नको वाटत असेल तर सहावा शब्द घ्या, हिशोब थेट दोन हजार पटीने वाढतो. सोळा चिन्हांच्या पासवर्डपुढे हा कमी पडतो, पण काकांनी टीव्हीला पहिल्या फटक्यात टाकला, आणि मावशीने दुपारीच पाठ करून टाकला होता.

"पण आमच्याकडे कोण येतंय हॅक करायला" हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. त्यांना मी २००८ ची आठवण देतो. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी जो धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेला होता, पोलीस त्याच्या दारात पोचले, त्याचा त्या ईमेलशी काही संबंध नव्हता. त्याच वर्षी पुढचे ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका ऑफिसचं नेटवर्क वापरून गेले. म्हणजे डेटा कोणी संपवला, स्पीड कमी झाला, ही किरकोळ गोष्ट आहे. तुमच्या कनेक्शनवरून जे जाईल त्यावर तुमचं नाव असतं.

आता सेटिंगमधली तुलना, डब्ल्यूपीए २ की ३. डब्ल्यूपीए ३ आलं २०१८ ला, आणि त्यात वर सांगितलेली घरी नेऊन तपासण्याची सोय काढून टाकली आहे, प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं, त्यामुळे वेग मरतो. राउटरमध्ये असेल तर लावाच. अडचण जुन्या उपकरणांची, मावशीचा प्रिंटर आणि एक स्मार्ट प्लग नुसत्या तीनवर जोडलेच नाहीत, मग दोन-तीन मिश्र ठेवलं. मिश्र ठेवलं की लक्षात ठेवा, दोनवर जोडणाऱ्या उपकरणाचे निरोप अजूनही पकडता येतात, म्हणजे पासवर्ड कच्चा असेल तर तीन लिहिलेलं असून उपयोग नाही. यादीत डब्ल्यूईपी ही त्याहून जुनी पद्धत दिसली तर ती २००१ पासून फुटलेली आहे, त्यावरच चालणारं उपकरण टाकून द्या. दोनमध्ये माहिती गुप्त करायच्या प्रकारात एईएस निवडा, जुनं टीकेआयपी नको. आणि डब्ल्यूपीएस नावाचं, पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायचं प्रकरण बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असतो पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं. पाच शब्द ठेवून हे चालू ठेवणं म्हणजे पुढच्या दाराला नवीन कुलूप आणि मागचं दार नुसतं लोटलेलं.

वायफायचं नाव लपवणं आणि ठरावीक फोनच येऊ देणं, हे दोन उपाय लोक पासवर्डऐवजी सुचवतात. नाव लपवलं तरी फोन जोडताना ते हवेत दिसतं. फोनचा मॅक पत्ता, म्हणजे वायफायसाठीचा त्याचा ओळख क्रमांक, तर कायमच उघडा जातो आणि त्याची नक्कल करता येते, शिवाय अँड्रॉईड १० आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःच प्रत्येक वायफायसाठी वेगळा पत्ता वापरतात, त्यामुळे तुमचेच फोन बाहेर राहायचे. वेळ घालवू नका. वायफायच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर नको, आणि कंपनीने दिलेलं नाव बदला, कारण पासवर्डच्या गणितात नावही मिसळलं जातं आणि सगळीकडे आढळणाऱ्या नावांसाठी लोक आधीच तक्ते करून ठेवतात.

पाहुण्यांचं मात्र वेगळं करायलाच हवं, या बाबतीत मी आग्रही आहे. एकदा मुख्य पासवर्ड कोणाला दिला की तो त्याच्या फोनमधून क्यूआरने पुढच्याला जातो, नव्या आयफोनमध्ये तर अक्षरशः वाचताही येतो, म्हणजे एकाला दिला तो सगळ्यांना दिला. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं ते चालू करा, त्याला तीन-चार शब्दांचा वेगळा पासवर्ड, आणि घरातली इतर उपकरणं गेस्टला दिसू नयेत हा पर्याय चालू. मावशीकडे पाच दिवसांचा गणपती असतो, पंधरा-वीस जण येऊन जातात, विसर्जनानंतर गेस्टचा पासवर्ड बदलायचा एवढं ठरवलंय, मुख्य पासवर्डला हात लावायचा नाही. सीसीटीव्ही कॅमेराही गेस्टवरच टाकला. टीव्ही मुख्यवर ठेवलाय, नाहीतर फोनवरून टीव्हीवर काही लावता येत नाही.

शेवटचं काम राहतं ते राउटरच्या आतल्या पानाचं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा जिओचं असेल तर १९२.१६८.२९.१ टाकून उघडतं ते. तिथे अनेकांचं अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन तसंच असतं. २०१६ चं मिराई नावाच्या व्हायरसचं प्रकरण हेच होतं, साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या घेऊन जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. या पानाला वायफायपेक्षा वेगळा पासवर्ड, आणि इथे मात्र चिन्हांचा लांबलचक घ्या, कारण हा टीव्हीवर टाकायचा नाही, कोणाला सांगायचाही नाही. दर तीन महिन्यांनी काही बदलू नका, सारखं बदलायला लागलं की माणूस शेवटी एक-दोन आकडे वाढवत जातो. भाडेकरू सोडून गेला, घरकामाच्या बाईंच्या मुलाचा फोन जोडलेला होता आणि काम सुटलं, किंवा फोन हरवला, तेव्हा बदला.

मावशीने पाच शब्द वहीच्या कागदावर लिहिले, खाली अ‍ॅडमिनचा पासवर्ड मी लिहून दिला, आणि तो कागद गॅसच्या पुस्तकात घालून कपाटात ठेवला. टीव्हीशेजारचं खोकं स्केचपेनच्या नंबरासकट रद्दीत गेलं.